मावशी, दूध आणलं का?

मॅगझीनच्या संपादक मंडळात माझी रूममेट आहे. तिने फर्मान काढलं, “मराठी विभागात पानं कमी पडतायत, तू लिही.” मी म्हटलं, अगं मी कॉन्व्हेंटची! माझं मराठी म्हणजे सेकंड लँग्वेज, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी तर माझं जुनं वैर. ती म्हणाली, “मग काय झालं? चौथ्या सेमला तीन आठवडे गायब होतीस ना, तेच लिही.” तर वाचकहो, चुका पदरात घ्या.

शाळेत ‘सिस्टर’ म्हटलं की पांढऱ्या झग्यातल्या नन्स. घरी ‘सिस्टर’ म्हणजे माझी ताई. आणि २०२५ च्या जानेवारीत तिसऱ्या सिस्टर भेटल्या, त्या हॉस्पिटलच्या. या तिसऱ्या सिस्टरांनी मला जे शिकवलं ते आमच्या लॅबमध्ये शिकवत नाहीत.

ताई सांगलीला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ती नाशिकला आमच्याकडे आली. रविवारी डोहाळजेवण ठरलं होतं. आजीने हिरवी साडी आणली होती, झोपाळ्याला बांधायला झेंडूची फुलं सांगून ठेवली होती. गुरुवारी साध्या चेकअपला गेली तर बीपी एकशे सत्तरच्या वर! तिथूनच ॲडमिट. बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून तिला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली, जेमतेम दोन दिवस ओढले आणि शनिवारी पहाटे सिझेरियन. तिसाव्या आठवड्यात मुलगा झाला. वजन १२४० ग्रॅम. रविवारी फुलवाला ठरल्याप्रमाणे झेंडू घेऊन दारात उभा! आजीने काही न बोलता ती फुलं देवाला वाहिली.

मला बाबांचा फोन आला तेव्हा मी मेसमध्ये पोहे खात होते. पुण्याहून मिळेल ती एसटी पकडून निघाले.

एनआयसीयूत जाताना कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगठी-घड्याळ काढायचं. आत एक वॉर्मर, त्यावर कार्ड : ‘बेबी ऑफ’ आणि पुढे ताईचं नाव. बाळाला स्वतःचं नाव नाही, कारण बारसं कोण करणार? खरं सांगते, पहिल्यांदा मी बाळ पाहिलंच नाही. मी फक्त वायरी पाहिल्या. पोटावर चिकटवलेला टेंपरेचर प्रोब. बाळाची त्वचा ३६.५ डिग्रीच्या खाली गेली की हीटर आपोआप वाढतो, वर गेली की कमी होतो. अरे, हा तर आपला क्लोज्ड लूप! पायाला बांधलेला लाल दिवा म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. लाल आणि इन्फ्रारेड अशा दोन वेव्हलेंग्थचा प्रकाश पायातून जातो, आणि रक्तात ऑक्सिजन किती ते त्या दोघांच्या शोषणातल्या फरकावरून कळतं. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी नावाच्या इंजिनिअरने ही कल्पना काढली. आपल्यासारखाच एक इंजिनिअर! पण तेव्हा अभिमान वगैरे काही वाटला नाही. तो आकडा ८६ वर गेला, मशीन किंचाळलं आणि माझे पायच लटपटले.

एक वयस्क सिस्टर आल्या. मॉनिटरकडे बघितलंसुद्धा नाही. बाळाच्या तळपायावर बोटाने हलकं चोळलं. छाती हलली, आकडा वर चढला. मला म्हणाल्या, “अगं, मशीनकडे काय बघतेस? आधी बाळाकडे बघायचं, मग मशीनकडे.”

इतक्या लवकर जन्मलेली बाळं श्वास घ्यायला चक्क विसरतात. त्यावर औषध काय, तर कॅफिन! हो, तेच, ज्याच्या जोरावर आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जागतो. माझा भाचा जन्मल्या दिवसापासून कॅफिनवर होता. होस्टेलला शोभेल असाच!

पण श्वासापेक्षा मोठी लढाई दुधाची निघाली. मला वाटायचं, बाळ जन्मतं आणि दूध पितं, त्यात शिकायचं काय? तर ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टी एका तालात जमायला साधारण चौतिसावा आठवडा उजाडावा लागतो. तोपर्यंत तोंडातून पोटात घातलेल्या बारीक नळीने दूध द्यायचं. दर दोन तासांनी एक मिली. एक मिली म्हणजे किती? आपल्या इंकपेनात याच्यापेक्षा जास्त शाई असते.

आणि तेवढंही ताईला येईना. ऑपरेशन, बीपी, टेन्शन. पहिले दोन दिवस बाळाला मिल्क बँकेतलं दूध मिळालं. कुण्या अनोळखी बाईने दान केलेलं, पाश्चराइझ केलेलं दूध. अशी पहिली बँक १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आणि ती आशियातलीच पहिली, हे मला तेव्हा कळलं. ब्लड बँक सगळ्यांना माहीत असते. ही का नसते?

तिसऱ्या दिवशी ताईचा चीक आला. पिवळसर, चिकट, चार-पाच थेंब. सिस्टरनी तो सिरिंजमध्ये असा काही ओढला की जणू सोनं! आजी म्हणाली, “आमच्या वेळी पहिलं दूध पिळून टाकायचे गं.” आणि गप्प झाली.

पाचव्या दिवशी ताईला डिस्चार्ज मिळाला. बाळाला नाही. रिकाम्या हाताने घरी आलेली बाळंतीण मी कधी पाहिली नव्हती. आजीने पाचवी पुजली. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून. मी एरवी हसले असते. त्या दिवशी उठून बघितलं, पेन चालतंय ना!

मग आमचं टाइमटेबल लागलं. ताईने दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पंपाने दूध काढायचं. मी ते बाटल्यांत भरून, बर्फाच्या डब्यात ठेवून, स्कूटीवरून नऊ किलोमीटर हॉस्पिटलला न्यायचं. दिवसातून दोनदा. दारात गेलं की सिस्टर विचारायच्या, “मावशी, दूध आणलं का?” गंमत म्हणजे वॉर्डातल्या आयाबाईंनाही तिथे मावशीच म्हणतात. कुणीही ‘मावशी!’ म्हणून हाक मारली की आम्ही दोघी-तिघी वळून बघायचो.

ताईचं दूध वाढेना. आजी अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, सगळं रांधत होती. येणारे-जाणारे विचारायचे, “दूध येतं ना भरपूर?” ताई आत निघून जायची. एकदा मला म्हणाली, “बाळ वेळेआधी झालं ते माझ्यामुळे, आता उपाशी राहिलं तर तेही माझ्यामुळेच.” मला काही बोलता आलं नाही. आजीच म्हणाली, “वासरू समोर नसलं की गायसुद्धा पान्हा चोरते. हिचं तर लेकरू नऊ किलोमीटरवर.” हे मी सिस्टरना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी बाळाची वापरलेली टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली. “ताईला म्हणावं, दूध काढताना ही नाकाशी धर.” त्या रात्री बाटलीत दुप्पट दूध होतं. म्हणजे बारा मिलीऐवजी पंचवीस!

आणि तीच बाटली मी घालवली. प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहिलेली चिठ्ठी लावायची असा कडक नियम. सकाळी घाईत मी एकीवर चिठ्ठी लावायची विसरले. सिस्टर म्हणाल्या, “हे कुणाचं, कधीचं, मला कळायला मार्ग नाही. मी देऊ शकत नाही.” मी रडले, गयावया केली. त्यांनी ते माझ्यादेखत सिंकमध्ये ओतलं. त्या वेळी बाळाचं फीड सहा मिली होतं. म्हणजे चार वेळचं जेवण. त्यांचा राग आला, पण चूक माझीच होती. दुसऱ्या कुणाच्या आईचं दूध माझ्या भाच्याला दिलं असतं तर?

घरी ताईला सांगायला तोंड नव्हतं. संध्याकाळी सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “जर्नलवर रोल नंबर न टाकता सबमिशन करतेस का गं कधी?” आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदा हसली. मग आम्ही दोघी रडलो.

चौदाव्या दिवशी पोट फुगलं. नळीतून हिरवं पाणी आलं. आतड्याचं इन्फेक्शन असू शकतं, म्हणून दूध बंद, सलाइन, अँटिबायोटिक, एक्स-रे. डॉक्टर म्हणाले, दूध काढणं थांबवू नका, नाहीतर नंतर येणार नाही. रात्री तीनचा अलार्म झाला. ताई अंधारात बसून म्हणाली, “कुणासाठी काढू?” आजी उठली, उपदेश काहीच केला नाही. तिच्या मागे बसून पाठ चोळत राहिली. पंपाचा आवाज सुरू झाला. ते दूध आम्ही फ्रीजरमध्ये ठेवलं, चिठ्ठी लावून.

चौथ्या दिवशी पुन्हा एक मिली. परत पहिल्यापासून.

त्याच आठवड्यात कांगारू केअर सुरू झालं. बाळाला फक्त लंगोट-टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून डॉ. एडगर रे यांनी हे सुरू केलं. आज जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जमलं तर जन्मल्याबरोबरच सुरू करा. ताईला बाळ दिलं तेव्हा ती हललीसुद्धा नाही. शनिवारी जिजू सांगलीहून आले की त्यांचा नंबर. आणि मी परत यायच्या आदल्या दिवशी ताई थकली होती, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “मावशी, तुम्ही बसा.” तासभर तो माझ्या छातीवर होता. ऊब एवढीशी, पण काय सांगू! आकडा ९४ होता म्हणे. मी बघितलाच नाही.

मग मी कॉलेजला आले. एका शनिवारी घरी गेले तेव्हा चौतीस आठवडे पूर्ण झाले होते. त्याला पहिल्यांदा अंगावर घेतलं. दोन घोट ओढले, तिसऱ्याला श्वास घ्यायचाच राहिला, निळा पडला, मशीन बोंबललं. ताईने घाबरून बाळ दूर केलं नाही. थोडं वर उचललं, पाठ चोळली, त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तोही श्वास घेऊन परत शोधू लागला. सिस्टर दारात उभ्या होत्या, आत आल्या नाहीत. पुढचे कितीतरी दिवस थोडं अंगावर, थोडं बोंडल्याने, उरलेलं नळीने असं चाललं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही झाली. एक्केचाळिसाव्या दिवशी नळी निघाली आणि १७६० ग्रॅमचे महाराज घरी आले. त्या दिवशी दारात झेंडूचं तोरण होतं.

मला अटेंडन्सचा फटका बसला आणि बॅकलॉग लागला, तोही नेमका कंट्रोल सिस्टिम्सचा! क्लोज्ड लूप एवढा जवळून बघूनसुद्धा! असो. हा लेख लिहिताना भाचा एक वर्षाचा झालाय, डॉक्टरांच्या हिशोबाने पावणेदहा महिन्यांचा. वरणभाताचा पहिला घास थुंकून टाकतो, दुसरा खातो.

तुमच्या घरी, शेजारी, स्टाफरूममध्ये कुणाचं बाळ असं काचेपलीकडे असेल तर ‘वजन किती?’ आणि ‘दूध येतं ना?’ हे दोन प्रश्न तेवढे विचारू नका. डबा घेऊन जा. बाटल्या पोचवायला स्कूटी घेऊन जा.

फक्त चिठ्ठी लावायला विसरू नका.