नाव कोणाचे लिहितात?

‘प्रदर्शन’ म्हटले की आमच्या भागातील माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम कृषिप्रदर्शन उभे राहते. तेथे मांडीएवढा भोपळा असतो, मळणीयंत्र असते, खतांचे फलक असतात आणि शेवटी कोणाचा तरी सत्कार असतो. दुसरे प्रदर्शन शाळेतील विज्ञानाचे आणि तिसरे चादरी-सतरंज्यांचे. चित्रांचे किंवा शिल्पांचे प्रदर्शन असते आणि लोक तिकीट काढून तासन् तास ते पाहतात, हे आमच्यापैकी कित्येकांच्या कानांवर महाविद्यालयात आल्यावरच पडले. यात आमचा काही दोष नाही. मोठे कलासंग्रहालय चंद्रपुरातही नाही आणि गडचिरोलीतही नाही. जवळचे म्हणावे तर १८६३ साली स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय. नागपूरकर त्याला ‘अजब बंगला’ म्हणतात. पण तेही आमच्यापासून दीडशे किलोमीटरांवर!

२०२४ च्या आरंभी आम्हां काही विद्यार्थ्यांचा मुंबईला जाण्याचा योग आला. १९२२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या, आज छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत तेव्हा प्राचीन शिल्पांचे एक मोठे प्रदर्शन चालू होते. भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोम अशा पाच संस्कृतींची शिल्पे एका छताखाली मांडली होती. लंडनचे ब्रिटिश म्युझियम, बर्लिनची संग्रहालये आणि अमेरिकेतील गेटी म्युझियम यांच्या साहाय्याने डिसेंबर २०२३ मध्ये उघडलेले हे प्रदर्शन ऑक्टोबर २०२४ पर्यंत चालले. आपले देव परक्या देवांच्या शेजारी उभे असलेले पाहून प्रथम थोडे चमत्कारिक वाटले. मग हळूहळू डोळा सरावला. दगड कोणत्याही देशाचा असो, त्यातून खांदा, गुडघा, वस्त्राची चुणी काढणारा हात सारखाच धीराचा असतो, एवढे मला तेथे उमगले.

खरे सांगायचे तर पहिला अर्धा तास मी मूर्तींपेक्षा त्यांच्याखालच्या पाट्याच अधिक वाचल्या. परीक्षेची सवय, दुसरे काय! प्रत्येक पाटीवर साधारण तोच क्रम. मूर्ती कोणाची, दगड कोणता, शतक कोणते, सापडली कोठे, आणि संग्रह कोणाचा. माझा एक मित्र पाट्या वाचता वाचता हळूच म्हणाला, “अरे, देणाऱ्याचं नाव आहे, ज्याच्याकडं आहे त्याचंही नाव आहे. बनवणाऱ्याचं कोठं आहे?” आमच्याबरोबरच्या सरांनी समजावले की, इतक्या जुन्या शिल्पांचे कर्ते सहसा ठाऊक नसतात. उत्तर बरोबरच होते. परंतु मित्राचा तो प्रश्न माझ्याबरोबर गाडीत बसला आणि घरापर्यंत आला.

माझे गाव चामोर्शी तालुक्यात. मार्कंडा आम्हांला जवळ. वैनगंगा तेथे उत्तरेकडे वळते, म्हणून स्थळ पवित्र मानतात, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला दोन्ही जिल्ह्यांतून माणसांचा पूर लोटतो. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३–७४ च्या दौऱ्यात हा मंदिरसमूह पाहिला आणि आपल्या अहवालात त्याचे वर्णन केले. अलीकडे लोक त्याला ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणतात. आपल्याकडील चांगल्या वस्तूला दुसऱ्या गावाचे नाव दिल्याशिवाय आपले समाधान होत नाही, हेच खरे! भिंतींवर देव, अप्सरा, व्याल, हत्ती यांच्या ओळीच्या ओळी आहेत. मुंबईत अशा एखाद्या मूर्तीभोवती दोरी असती, वरून मंद दिवा असता आणि शेजारी पहारेकरी. मार्कंड्याला यात्रेच्या दिवशी बाया तिला कुंकू लावतात आणि दमलेली पोरे तिच्या पायाशी पाठ टेकून चिवडा खातात. कोठे ती अधिक सुखी असेल, हे मला सांगता येणार नाही. झीज होते ती मात्र मार्कंड्यालाच होते. आणि घडविणाऱ्याचे नाव दोन्हीकडे नाही.

चंद्रपूरकरांना याहून मोठे उदाहरण लालपेठेत सापडेल. गोंड राजांच्या काळात रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याने तेथे भव्य शिवमंदिर बांधण्याचा संकल्प केला, असे सांगतात. एकेका अखंड दगडातून मूर्ती कोरून झाल्या. दहा तोंडांची देवी, गणपती, नंदी, मत्स्य, कूर्म, अशा त्या आहेत. देवीची शिळा सुमारे २५ फूट लांबीची. पुढे रायप्पा वारला आणि मंदिर झालेच नाही. मूर्ती उघड्यावर राहिल्या त्या आजतागायत. शेकडो वर्षे चालू असलेले आणि समाप्तीची तारीख नसलेले हे प्रदर्शन! तिकीट नाही, पहारा नाही, पाहणारेही फारसे नाहीत. त्यातही पाहा, जे मंदिर झालेच नाही त्याच्या धन्याचे नाव आपल्याला माहीत आहे. ज्या मूर्ती झाल्या, त्या करणाऱ्यांपैकी एकाचेही नाही.

हे जुन्या काळापुरते असते तर मी इतके मनावर घेतले नसते. परंतु एका संग्रहालयात मी लाकडी फणी पाहिली होती. तिच्यावर बारीक नक्षी होती, आणि एका कडेला कोरणाऱ्याने मुद्दामच ओळ मोडून एक लहानसे पाखरू बसविले होते. खाली लिहिले होते : ‘आदिवासी फणी. चांदा जिल्हा.’ आमच्याकडील तरुण अशा फण्या कोणासाठी कोरतात, हे येथल्या वाचकांना सांगायला नको. ते पाखरू ‘आदिवासी’ नावाच्या जमावाने कोरलेले नव्हते. ते एका मुलाने एका मुलीसाठी कोरले होते. ज्याने फणी आणली त्याने त्या मुलाला नाव विचारले असते, तर त्याने लाजत का होईना, सांगितले असते.

नाव विचारले की काय होते, याचा दाखला आपल्या शेजारच्या राज्यात आहे. १९८२ साली भोपाळला भारत भवन उघडले. तेथील कलासंग्रहालय उभे करताना चित्रकार ज. स्वामीनाथन यांनी खेड्यापाड्यांतून माणसे धाडली. मंडला भागातील पाटणगढ या गावी एका तरुण परधानाने घराच्या भिंतीवर काढलेली चित्रे त्यांच्या दृष्टीस पडली. तो जनगढ सिंह श्याम. परधान आपल्या जिल्ह्यांतही आहेत. गोंडांच्या वंशावळी आणि कथा गाऊन सांगणारी ही जमात. जनगढची चित्रे भारत भवनात ‘गोंड चित्रकला’ एवढ्याच पाटीखाली लागली नाहीत, तर शहरी चित्रकारांच्या बरोबरीने, स्वतःच्या नावाने लागली. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील जगप्रसिद्ध प्रदर्शनात तो सहभागी झाला. २००१ साली जपानमधील एका संग्रहालयासाठी चित्रे काढत असताना, घरापासून दूर, त्याने आपले जीवन संपविले. नावाने सर्व दुःखे फिटत नाहीत, हेही त्यातून दिसते. तरी आज त्याच्या घराण्यातील आणि गावातील कितीतरी चित्रकार आपापल्या नावाने चित्रांखाली सही करतात. आपल्याच राज्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांचेही तसेच. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या रेषांना एक नाव आहे, हे लोकांना कळले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझे आजोबा वाढई होते. नांगर, वखर, बैलबंडी, दाराच्या चौकटी हे त्यांचे वर्षभराचे काम. परंतु श्रावण लागला की त्यांच्या अंगणात शिवणीच्या लाकडाचा वास सुटे, आणि तान्ह्या पोळ्याचे नंदी तयार होऊ लागत. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा भरतो. नागपूरकर भोसल्यांनी, दुसऱ्या रघुजीराजांनी तो सुरू केला, अशी परंपरा आहे. चाकांवरचे लाकडी बैल झूल, बेगड आणि घुंगरू लावून चौकात तोरणाखाली ओळीने उभे करतात. पंच येतात, निरखून पाहतात, बक्षिसे देतात. मग पोरे घरोघर नंदी फिरवून बोजारा गोळा करतात. आमच्या गावाचे खरे कलाप्रदर्शन ते हेच. ते दरसाल एकच दिवस चालते आणि पुढच्या वर्षीची तारीख पंचांगात आधीच छापलेली असते.

आजोबांचा नंदी दुरून ओळखू येई. मान किंचित डावीकडे वळलेली, जणू मागून कोणी हाक मारली आहे. गावात कोणी विचारत नसे की हा कोणी केला. विचारायचे कारणच नव्हते. आजोबा गेले त्याला आता सहा वर्षे झाली. त्यांनी केलेल्या कितीतरी नंद्यांपैकी आमच्या घरी एकच उरला आहे.

गेल्या वर्षी एक व्यापारी गावात जुनी लाकडी वस्तू विकत घेत फिरत होता. त्याने नंदी उलटासुलटा करून पाहिला आणि चार हजार रुपये सांगितले. मोठ्या शहरांत अशा वस्तूंची प्रदर्शने लागतात, म्हणाला. त्याच आठवड्यात बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते. बाबांनी नंदी पुसून ओट्यावर ठेवलाही. तेव्हा आजी आतून आली आणि तिने त्या माणसाला विचारले, “त्यायचं नाव लिवतीन का तेथं?” तो माणूस खोटे बोलला नाही. म्हणाला, “नाव नाही लिहीत आजी. विदर्भातला जुना नंदी, असं लिहितात.” आजी म्हणाली, “बाजारात जिता बैल विकतो त दाखल्यावर दोघाईचं नाव लिवते. लाकडाचा बैल बिननावाचा कसा देऊ?”

बाबा चिडले. “नावानं फी भरते काय?” असे म्हणाले, आणि त्या घटकेला त्यांचेही चूक नव्हते. व्यापारी चहा पिऊन, पुन्हा येतो म्हणून गेला. फी भरली गेली. कशी, ते बाबाच जाणोत. नंदी अजून फडताळात आहे. तो व्यापारी दिवाळीनंतर येणार आहे आणि तेव्हा काय होईल, हे घरात कोणी बोलत नाही.

मुंबईहून आल्यावर मला आजीच्या प्रश्नाचा अर्थ अधिक कळला. भामरागड-एटापल्लीकडे माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतात, कोरीव लाकडी खांबही रोवतात. त्यांवर अक्षर नसते. तरी कोणता खांब कोणाचा, हे गावातील पोरही सांगते. गावात असेपर्यंत वस्तूला पाटी लागत नाही, कारण गावच तिची पाटी असते. वस्तू वेशीबाहेर पडली की मात्र नाव मागे राहते. पुढच्या माणसाच्या हाती फक्त लाकूड जाते. म्हणून वस्तू जाऊ नयेत असे मी म्हणत नाही. त्या जाव्यात, लोकांनी पाहाव्यात, त्यांना चांगली किंमतही यावी. पण नाव बरोबर जावे.

मोठ्या संग्रहालयांच्या पत्रकात ‘चालू’ आणि ‘आगामी’ असे दोन रकाने असतात. आपल्या महाविद्यालयाच्या आगामी रकान्यात मी एक सूचना मांडतो. यंदाच्या स्नेहसंमेलनात रांगोळी आणि पाककृतींच्या शेजारी एक खोली मिळावी. ज्याच्या घरी जे असेल ते त्याने आणावे. बुरडाने विणलेले सूप, आईने शिवलेली वाकळ, लाकडी कुदाम, फणी, नंदी, काहीही. अट एकच. आणणाऱ्याने आधी घरी बसून विचारून यावे की हे कोणी केले, कोणत्या गावी, कशाचे आणि कोणासाठी. इतिहास विभागाच्या सरांनी या पाट्या तपासाव्यात आणि मराठी विभागाच्या बाईंनी त्यांचे शुद्धलेखन. प्रदर्शन एक दिवसाचे असले तरी चालेल. पाट्यांची वही मात्र ग्रंथालयात राहावी.

पहिली पाटी मी आणतो. नंदीही आणतो, तोपर्यंत घरात असला तर. आजोबांचे नाव या लेखात मी मुद्दामच लिहिलेले नाही. ते तेथे येऊन वाचावे.