पेरणीआधीची मशागत

शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी भोवतालच्या द्रवात अतिसूक्ष्म पुटिका सोडत असते. मेदाच्या दुपदरी पटलात गुंडाळलेल्या या पुटिकांत प्रथिने, आरएनए असा ऐवज असतो. पेशीच्या आतच तयार होऊन बाहेर पडणाऱ्या पुटिकांना एक्सोसोम म्हणतात. त्यांचा व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरचा. १९८३ साली माँट्रियलमधील रोझ जॉन्स्टन आणि सेंट लुईसमधील फिलिप स्टाल यांच्या गटांना अपक्व तांबड्या पेशी नकोशी झालेली काही प्रथिने पुटिकांतून बाहेर टाकताना आढळल्या. त्यामुळे एक्सोसोम म्हणजे पेशीचा केरकचरा, ही समजूत बरीच वर्षे टिकली. स्वीडनमधील गोटेनबर्गच्या संशोधकांनी २००७ मध्ये उंदराच्या पेशींचे एक्सोसोम माणसाच्या पेशींना दिले आणि त्या मानवी पेशींत उंदराची प्रथिने तयार झाली. पुटिकांमधला आरएनए नुसता पोचत नव्हता, तो कामालाही लागत होता.

कर्करोगाच्या दृष्टीने याचे महत्त्व एका जुन्या कोड्याशी निगडित आहे. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी २४१ जणींच्या यकृतात रोग पसरला होता, पण प्लीहेत फक्त १७ जणींच्या. रक्त तर दोन्हीकडे जाते. पॅजेट यांनी निष्कर्ष काढला की बी सगळीकडे उडते, पण मानवेल त्याच जमिनीत रुजते. जमीन आधीपासूनच तशी असते की कोणी तिची मशागत करते, हा प्रश्न मात्र शंभराहून अधिक वर्षे तसाच राहिला.

न्यूयॉर्कमधील डेव्हिड लायडन यांच्या गटाने २००५ मध्ये उंदरांत दाखवून दिले की, गाठीच्या पेशी फुप्फुसात पोचण्याआधीच अस्थिमज्जेतल्या काही पेशी तिथे जाऊन ठाण मांडतात. त्यांना धाडणाऱ्यांत गाठीचे एक्सोसोम असतात, हे त्याच गटाच्या पुढच्या कामातून दिसले. स्वादुपिंडाच्या कर्करोगात ही साखळी सगळ्यांत स्पष्टपणे उलगडली आहे. यकृतातल्या कुप्फर पेशी गाठीतून निघालेले एक्सोसोम गिळतात आणि टीजीएफ-बीटा हे संदेशक प्रथिन स्रवू लागतात. त्यामुळे शेजारच्या तारकाकृती पेशी फायब्रोनेक्टिनचे जाळे विणतात आणि त्यात अस्थिमज्जेतून आलेल्या भक्षकपेशी अडकून राहतात. एवढे होईपर्यंत कर्करोगाची एकही पेशी तिथे आलेली नसते. एक्सोसोममधले एमआयएफ नावाचे प्रथिन रोखले की उंदरांत ही साखळी तुटते.

एक्सोसोम नेमका अवयव कसा गाठतात, याचे उत्तर २०१५ मध्ये त्यांच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन प्रथिनांत सापडले. अल्फा-६-बीटा-४ असेल तर फुप्फुस, अल्फा-व्ही-बीटा-५ असेल तर यकृत. हाडांत पसरणाऱ्या कर्कपेशी टोचण्याआधी उंदरांना फुप्फुसाकडे जाणारे एक्सोसोम दिले, तर त्या हाडांत रुजणाऱ्या पेशी फुप्फुसातही वाढल्या. पॅजेट यांच्या जमिनीला यापेक्षा थेट पुरावा मिळणे कठीण.

या पुटिका इतरही उपद्व्याप करतात. स्तनाच्या कर्करोगातल्या काही एक्सोसोममधला मिआर-१०५ हा लहानसा आरएनए रक्तवाहिन्यांच्या अस्तरातले सांधे सैल करतो. मेलानोमाच्या एक्सोसोमवरचे पीडी-एल१ प्रथिन टी-पेशींना गाठीपासून दूरच निष्प्रभ करते.

हे बहुतेक पुरावे मात्र उंदरांतले आहेत, आणि टोचलेल्या एक्सोसोमची मात्रा प्रयोगशाळेत ठरवलेली. शुद्धतेची अडचणही जुनीच आहे. गुरुत्वाच्या लाखपट बलाने घुसळून पुटिका वेगळ्या काढल्या तरी रक्तातले मेदप्रथिनकण सोबत येतातच. ग्लिपिकॅन-१ वाहणाऱ्या एक्सोसोमवरून स्वादुपिंडाचा कर्करोग लवकर ओळखता येतो, असा २०१५ मधला गाजलेला दावा इतरांच्या तपासण्यांत तितका खात्रीचा ठरला नाही. उपचारातली अडचण त्याहून मूलभूत आहे. निरोगी पेशीही याच मार्गाने पुटिका सोडतात, त्यामुळे सरसकट बंदी घालता येत नाही. निदानात थोडे पुढे जाता आले आहे. लघवीतल्या एक्सोसोममधला आरएनए मोजून प्रोस्टेटची बायोप्सी करावी की नाही, हे ठरवायला मदत करणारी चाचणी अमेरिकेत वापरात आहे. रोग कुठल्या अवयवात पसरेल, हे मात्र ती सांगत नाही.