नस्ती, शेरा आणि विलंबाचा हिशेब

नागपुरातील आमच्या महाविद्यालयात संशोधन-अनुदानाचा कारभार कागदी नस्तीतून संगणकप्रणालीवर नेण्याचे ठरले, तेव्हा विरोध करणाऱ्यांत मी अग्रभागी होतो. प्रस्ताव, मंजुरी, देयके आणि अखेरचे उपयोगिता प्रमाणपत्र हे सारे ‘क्लाउड’वर, म्हणजे दूरच्या कोठल्याशा संगणकात, राहणार, एकाची संमती होताच प्रकरण आपोआप दुसऱ्याच्या पडद्यावर जाणार, असे आम्हांस सांगण्यात आले. साहित्याच्या अभ्यासकाला यात यांत्रिकता जाणवली तर नवल नाही.

माझा प्रकल्प भंडारा जिल्ह्यातील रोवणीच्या गीतांच्या संकलनाचा होता. त्याचा दुसरा हप्ता अडला होता. लेखा विभागातील बाबूंनी नस्ती दाबून ठेवली आहे, असे मी चारचौघांत बोलूनही दाखविले होते. चालू प्रकरणे नव्या प्रणालीत चढविताना प्रत्येक टप्प्याच्या तारखा भराव्या लागल्या, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. लेखा विभागाने एका खर्चाचा खुलासा मागून प्रकरण ४ दिवसांत परत केले होते. तो कागद माझ्याच टेबलावर, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, ४१ दिवस पडून होता. बाबूंनी पडद्यावरची ती ओळ मला दाखविली आणि “सर, चहा घेता?” एवढेच ते म्हणाले.

विलंब कोठे झाला हे आता लपत नाही, हा या व्यवस्थेचा गुण मान्य केलाच पाहिजे. नव्या अध्यापिकेला चौकशीसाठी टेबलाटेबलांवर उभे राहावे लागत नाही. केंद्रीय अनुदानाच्या बाबतीत तर हा काटेकोरपणा अनिवार्यच आहे. पैसा कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेला याची नोंद ‘पीएफएमएस’ ही वित्तीय प्रणाली ठेवते. उपयोगिता प्रमाणपत्रही सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील १२-अ या नमुन्यात द्यावे लागते.

तथापि, ज्या खर्चाचा खुलासा मागितला गेला होता, तो होता एका लुगड्याचा. बांधावर बसून तीन तास गाणी सांगणाऱ्या आजीबाईंनी पैसे घेण्यास नकार दिला, म्हणून त्यांना ते दिले होते. मी खुलासा दिल्यावर बाबूंनी जुन्या नस्तीच्या समासात शेरा लिहिला: “माहितीदात्रीस रोख रक्कम अमान्य, रीतीप्रमाणे वस्त्र दिले, ग्राह्य धरावे.” क्षेत्रीय संशोधनाच्या नीतीवरील ते एक छोटे टिपणच होते. नव्या प्रणालीत मात्र पुस्तके, उपकरणे, प्रवास आणि संकीर्ण एवढीच शीर्षे होती. लुगडे ‘संकीर्ण’ झाले. शेरा कपाटात राहिला.

अशा वेळी लीळाचरित्र आठवते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्याच्या-त्याच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. परंपरा सांगते की, पुढे मूळ पोथी नाहीशी झाली आणि अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला. त्यातून पाठभेद आले. नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती १९७८ साली प्रसिद्ध झाली. असे ग्रंथ संपादताना केवळ स्वीकृत पाठ देऊन भागत नाही. नाकारलेला पाठही पुढच्या अभ्यासकासाठी नोंदवावा लागतो. कारभारातही निर्णयाबरोबर त्याचे कारण टिकले पाहिजे. प्रकरण कोणी, केव्हा मंजूर केले हे प्रणाली अचूक सांगते. का केले, हे आपण लिहिले तरच तिला कळेल.

म्हणून मी समितीला दोन सूचना केल्या. ‘माहितीदात्यांचा सन्मान’ असे स्वतंत्र शीर्ष असावे, ही पहिली. ती मान्य झाली. प्रत्येक निर्णयापुढे कारण लिहिणे सक्तीचे करावे, ही दुसरी. ती सध्या अभिप्रायासाठी आमच्याच विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे, आली आहे. पडद्यावर आज ९ वा दिवस दिसतो. अभिप्राय आजच लिहावयास हवा.