‘ऐकलं’ म्हणणारा सूर

४१२७ १८ ११३० ०१ ००४ २.

हा कुणाचा फोन नंबर नाही आणि लॉटरीचं तिकीटही नाही. ‘४१२७ नंबरच्या ग्राहकाकडे, पहिल्या विभागात, चौथ्या सेन्सरवर आत्ता घरफोडीचा अलार्म झाला’ एवढं सगळं या सोळा आकड्यांत मावलेलं आहे. टेलिफोनच्या तारेवरून ते पलीकडे जायला दीड सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. असे निरोप कॉम्प्युटरकडून बोलवून घ्यायचे आणि दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरलाच ते ऐकायला लावायचे, हा माझा पोटापाण्याचा उद्योग.

अलार्म म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हूटर येतो. माझ्या मते त्या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत कमी कामाचा भाग तोच. रात्री दोनला कुणाच्या दुकानाचा हूटर कोकलायला लागला, तर आपल्याकडे माणसं उठतात, खिडकी लावून घेतात आणि कूस बदलतात. सकाळी विचारलं तर ‘हो, वाजत होतं काहीतरी’. खरं काम करतो तो अलार्मच्या खोक्यातला, म्हणजे पॅनेलमधला, डायलर. तो गुपचूप फोन उचलतो, कंट्रोल रूमचा नंबर लावतो आणि तिथून ‘ऐकलं’ असं उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडत नाही.

चोरघंटा आणि टेलिफोन यांचं नातं फार जुनं आहे आणि त्यात थोरली आहे ती चोरघंटा. विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट अमेरिकेत १८५३ साली ऑगस्टस पोप या पाद्र्याने घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की मंडल पुरं होऊन घंटा वाजायची. एडविन होम्स या व्यापाऱ्याने १८५७ मध्ये त्याचे हक्क विकत घेतले आणि पुढे गिऱ्हाइकांच्या दारांपासून आपल्या कचेरीपर्यंत तारा ओढल्या. बोस्टनमधला कारभार नंतर त्याच्या मुलाकडे आला. १८७७ च्या मे महिन्यात, ग्रॅहॅम बेलचा टेलिफोन अगदी नवा असताना, या धाकट्या होम्सने चोरघंटेच्या त्याच तारांना टेलिफोन जोडून काही बँकांना एका स्विचबोर्डवर आणलं. दिवसा त्या तारेवरून माणसं बोलायची आणि रात्री तीच तार पहारा द्यायची. म्हणजे टेलिफोनने आधी चोरघंटेची तार वापरली. चोरघंटेने टेलिफोनची तार वापरायला घेतली ती जवळजवळ शंभर वर्षांनी, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळी तार भाड्याने घेणं परवडेनासं झालं तेव्हा.

सुरुवातीचे डायलर टेपवर रेकॉर्ड केलेला निरोप वाजवायचे आणि तोही थेट पोलिसांना फोन लावून. मांजराने सेन्सर हलवला तरी टेप सुरू. पलीकडे कुणी उचललं आहे की नाही याच्याशी टेपला देणंघेणं नसायचं, त्यामुळे निरोप कधी मध्येच सुरू व्हायचा, तर कधी रिंग वाजत असतानाच संपून जायचा. अमेरिकेतल्या अनेक शहरांनी वैतागून अशा यंत्रांना पोलिसांचा नंबर लावायची बंदी केली. आपल्याकडे ‘ऑटोडायलर’ या नावाने विकली गेलेली बरीचशी यंत्रं याच जातकुळीतली. निरोप सांगून मोकळं व्हायचं, पोचला की नाही ते विचारायचं नाही.

नुसता निरोप सांगणं आणि त्याची पोच घेणं यांतला फरक समजायचा तर ते सोळा आकडे तारेवरून कसे जातात ते बघायला हवं. या पद्धतीचं नाव काँटॅक्ट आयडी. ती अमेरिकेतल्या अ‍ॅडेम्को या अलार्म बनवणाऱ्या कंपनीची. १९९९ मध्ये तिथल्या सिक्युरिटी इंडस्ट्री असोसिएशनने ती प्रमाण पद्धत म्हणून छापली.

डायलर नंबर लावतो आणि गप्प बसतो. पलीकडचा रिसीव्हर फोन उचलतो आणि दोन सूर ऐकवतो: आधी १४०० हर्ट्झ, मग २३०० हर्ट्झ, प्रत्येकी शंभर मिलिसेकंद आणि मध्ये तेवढीच शांतता. ‘मी अमुक पद्धत ऐकणारा रिसीव्हर आहे, बोल’ असा त्याचा अर्थ. हे सूर कानावर आल्याशिवाय डायलर तोंड उघडत नाही. राँग नंबर लागला आणि कुणी झोपाळू आवाजात ‘हॅलो’ म्हणालं, तर डायलर फोन ठेवून देतो. सूर ओळखीचे निघाले, तर पाव सेकंद थांबून तो आकडे सोडतो. फोनची बटणं दाबल्यावर जे पीप-पीप ऐकू येतं तेच हे आकडे. प्रत्येक सूर पन्नास मिलिसेकंद आणि मध्ये पन्नास मिलिसेकंदांची फट. मग डायलर पुन्हा गप्प. रिसीव्हरने आकडे तपासले आणि ते बरोबर निघाले, तर तो निदान पाऊण सेकंद लांबीचा १४०० हर्ट्झचा सूर देतो. आमच्या धंद्यात याला ‘किसऑफ’ म्हणतात. तो आला नाही तर डायलर तेच आकडे पुन्हा म्हणतो, तरीही नाही आला तर फोन ठेवून नव्याने लावतो, पहिला नंबर लागत नसेल तर दुसरा लावतो. मोठी रक्कम मनीऑर्डरने पाठवून पोचपावतीवरची सही बघितल्याशिवाय झोप न येणाऱ्या आजोबांसारखं त्याचं वागणं असतं.

तपासायचं कसं, तेही साधं आहे. सगळ्या आकड्यांची बेरीज पंधराने पूर्ण भागली गेली पाहिजे. शून्याची किंमत मात्र दहा धरायची. वरचा निरोप घ्या: पहिल्या पंधरा आकड्यांची बेरीज ७३ होते, म्हणून शेवटी २ लावून ती ७५ केली आहे. तोंडी हिशोबात बसणारी ही युक्ती १२ चं २१ झालं तर पकडू शकत नाही, कारण बेरीज तीच राहते. पण टेलिफोनच्या तारेवर आकडे जागा बदलत नाहीत. खरखरीत एखादा बुडतो किंवा वेगळाच ऐकू येतो, आणि ते पकडायला एवढं पुरतं. बनवणाऱ्यांना आपला शत्रू नीट माहीत होता, असं मला हे गणित बघताना नेहमी वाटतं.

वरच्या ‘११३०’ मधले शेवटचे तीन आकडे म्हणजे घटनेचा प्रकार. १३० घरफोडी, ११० आग, १०० वैद्यकीय मदत. १२१ मला सर्वांत हुशार वाटतो. गळ्याला सुरी लावून चोर म्हणाला, ‘अलार्म बंद कर’, तर मालक नेहमीचा कोड न दाबता ठरलेला दुसरा कोड दाबतो. अलार्म निमूट बंद होतो, चोर खूश होतो आणि मागच्या मागे १२१ निघून गेलेला असतो. ३०१ म्हणजे वीज गेली. महाराष्ट्रात लोडशेडिंग जोरात होतं त्या वर्षांत हा ३०१ आमच्या पडद्यावर पावसासारखा कोसळायचा. शेवटी वीज जाऊन बराच वेळ लोटल्यावरच तो पाठवायचा, असं पॅनेलमध्ये बसवून घ्यावं लागलं. नाहीतर या गर्दीत एखादा १३० नजरेतून निसटायचा.

आता कॉम्प्युटर. ‘घरी पीसी आहे, त्याला मोडेम आहे, मग वेगळं पॅनेल कशाला?’ हा प्रश्न मला नव्वदीच्या दशकापासून विचारला जातो आहे. उत्तर असं की मोडेमला तोंड आहे, पण या कामाचे कान नाहीत. एटीडीटी या आज्ञेने तो नंबर लावतो. आज्ञेच्या शेवटी अर्धविराम दिला की लाइन न सोडता पुढच्या आज्ञेची वाट बघतो. मग त्याच आज्ञेने सोळा आकडे डायल केल्यासारखे सोडता येतात. सुरांची लांबी एस११ या रजिस्टरमध्ये ५० लिहून बसवता येते. इथवर छान जमतं. पण पलीकडून येणारे १४०० आणि २३०० चे सूर त्याच्या लेखी कुणीच नसतात, कारण त्याला फक्त दुसऱ्या मोडेमची हाक ओळखता येते. अंदाजाने अमुक सेकंद थांबून आकडे सोडणारे प्रोग्रॅम मी पाहिले आहेत. ती पुन्हा टेपचीच गत.

कान बसवायचे तर व्हॉइस मोडेम लागतो. त्यातून लाइनवरचा आवाज सेकंदाला ८००० नमुन्यांच्या वेगाने कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा आणि त्यात हवा तो सूर आहे का ते गोएर्टझेलच्या रीतीने शोधायचं. जेराल्ड गोएर्टझेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये मांडलेली ही रीत आहे. सगळे सूर वेगळे करत बसण्याऐवजी एकाच सुराची ताकद ती थोडक्या गुणाकारांत काढून देते. १६० नमुन्यांचा, म्हणजे वीस मिलिसेकंदांचा घास घेतला तर पन्नास-पन्नास हर्ट्झच्या पायऱ्या पडतात. १४०० बरोबर अठ्ठाविसाव्या पायरीवर येतो आणि २३०० सेहेचाळिसाव्या. दोन्ही सूर अधल्यामधल्या ठिकाणी न पडता नेमके पायरीवर पडतात, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. फक्त एक पथ्य पाळायचं: टेलिफोनच्या दोनच तारांवरून जाणारा-येणारा आवाज एकत्र असतो, त्यामुळे आपलेच आकडे आपल्या कानावर परत येतात. शेवटचा आकडा गेल्यावर क्षणभर कान झाकून घ्यायचे आणि मग किसऑफ शोधायचा.

आपल्या लाइनींचे स्वतःचे नखरे होते. अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झचा मिळून होतो, आपला ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरवलेला. तिकडून आलेला मोडेम आपली लाइन ऐकायचा आणि ‘नो डायलटोन’ म्हणून हात वर करायचा. १९९५ नंतर व्हीएसएनएलचं इंटरनेट घेतलेल्या अनेकांना एटीएक्स३ ही आज्ञा तोंडपाठ झाली होती, तिचा अर्थ ‘डायल टोनची वाट बघू नकोस, नंबर लाव’. परदेशी अलार्म पॅनेललाही हेच शिकवावं लागे. जुन्या स्ट्रॉजर एक्स्चेंजला बटणांचे सूर समजत नसत. तिथे नंबर पल्सने लावायचा आणि जोडणी झाल्यावर सुरांत बोलायचं. ऑफिसात ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं एक्स्चेंज, असेल तर बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य लावा, मग थांबा. आणि वीज गेली की ईपीएबीएक्सच बंद. म्हणून अलार्मला नेहमी थेट लाइनच द्यायची, यावर मी कधीही तडजोड केली नाही.

मग पॅरलल फोनचं काय? आतल्या खोलीत कुणी गप्पा मारत असेल, किंवा चोरानेच रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला असेल, तर डायलरला लाइन मिळणार कशी? त्यासाठी एक्स्चेंजकडून आलेली तार आधी पॅनेलमध्ये न्यायची आणि तिथून घरातल्या फोनना द्यायची. अलार्म झाला की पॅनेल बाकीच्या फोनना तोडून लाइन स्वतःकडे घेतं. पॅनेल लाइनचा व्होल्टेजही बघत असतं. ४८ च्या आसपास म्हणजे लाइन जिवंत आणि मोकळी, दहाच्या आत म्हणजे कुणीतरी बोलतंय, शून्य म्हणजे तार तुटली. साध्या मोडेमकडे ही नजर नसते. आणि तार तोडणं किती सोपं आहे ते बघायला आपल्या इमारतींवरचे टेलिफोनचे डीपी बॉक्स आठवा: झाकण गंजून पडलेलं, तारा लोंबत असलेल्या, हात वर केला की येणाऱ्या. तिथे एक हिसका दिला की झालं.

तार तुटल्यावर निरोप जाणार कुठून? जातच नाही. इथे उपयोगी पडतो ६०२. पॅनेल रोज ठरलेल्या वेळी ‘मी ठीक आहे’ एवढंच सांगणारा हा फोन करतं. कंट्रोल रूममधलं सॉफ्टवेअर त्याची वाट बघतं आणि तो आला नाही की बोंब मारतं. म्हणजे न आलेला फोनही बातमी देतो. पण चोवीस तासांतून एकदाच. तपासणीचा फोन झाल्यावर तासाभराने तार कापणाऱ्याला जवळजवळ पूर्ण दिवस मोकळा मिळतो, आणि दर तासाला तपासणी करायची तर टेलिफोनच्या बिलावर मालक भडकतो.

पीसीला मी पाठवणाऱ्या टोकाला बसू देत नाही, त्याचं कारण साधं आहे. पॅनेलला बारा व्होल्टची, सात अँपियर-तासाची सीलबंद बॅटरी असते आणि आयुष्यात एकच काम असतं. पीसी अपडेट करायला म्हणून रात्री स्वतःच स्वतःला बंद करतो. ऐकणाऱ्या टोकाला मात्र तो झकास चालतो. अ‍ॅस्टेरिस्क या मोफत टेलिफोन सॉफ्टवेअरमध्ये तर अलार्मरिसीव्हर नावाचं अ‍ॅप्लिकेशनच आहे. ते दोन सूर देतं, आकडे ऐकतं, बेरीज तपासतं, किसऑफ देतं आणि निरोप फाइलमध्ये लिहून ठेवतं.

आता तांब्याची तारच निघाली आहे. ब्रिटनने जुनं टेलिफोन जाळं बंद करायची मुदत जानेवारी २०२७ ठरवली आहे. आपल्याकडे तारखेचा गाजावाजा नाही, लाइनमन येतो आणि तांब्याच्या जागी फायबर लावून जातो. फोन तोच, नंबर तोच, म्हणून मालकाला वाटतं अलार्मही तसाच चालू आहे. पण तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून मिळायची. फायबरच्या टोकाचा डबा घरच्या प्लगवर चालतो. वीज गेली की फोनही गेला. शिवाय आवाज आता वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, वाटेत तो आवळला जातो, प्रतिध्वनी घालवणारी गणितं त्यावर चालतात. माणसाच्या बोलण्याला ते चालतं. पन्नास मिलिसेकंदांच्या सुरांचे मात्र कान-नाक कापले जातात आणि मग डायलर रात्रभर तेच आकडे म्हणत बसतो.

त्यामुळे नव्या ठिकाणी मी सूर सोडून दिले आहेत. आतले आकडे तेच, पण ते इंटरनेटच्या पाकिटात, कुलूपबंद करून, क्रमांक घालून जातात आणि त्याच क्रमांकाची पोच परत येते. तपासणीला आता बिल येत नाही, त्यामुळे ती चोवीस तासांऐवजी दर मिनिटाला करता येते. याचा त्रास वेगळा. पहिला पाऊस पडला, रस्त्यात खोदकाम झालं, की पडद्यावर ‘संपर्क तुटला’च्या ओळी लागतात, आणि वायर चोराने कापली की जेसीबीने हे त्या ओळीत लिहिलेलं नसतं. आमच्याकडे सध्याचा नियम असा: प्रत्येक पॅनेलला फायबर आणि सिमकार्ड अशा दोन वाटा, फायबरच्या डब्याला वेगळी बॅटरी. एक वाट गेली तर सकाळी फोन करायचा. दोन्ही एकदम गेल्या तर पाऊस असो वा नसो, मोटारसायकलवर माणूस पाठवायचा.