जांभळ्या उजेडात पकडलेली अळी

दिसली! अगदी लख्ख दिसली! टोकियोतल्या आमच्या घराजवळच्या मासळीवाल्या काकांनी साबाची तुकडी फळीवर ठेवली (साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा थंड पाण्यातला भाऊबंद), वरचा दिवा मालवला आणि खिशातली विजेरी पेटवली. क्षणापूर्वी ज्या मांसात मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं, तिथे एक निळसर-पांढरं वेटोळं चमकायला लागलं. आनिसाकिस, माशांतली परजीवी अळी! काकांनी चिमट्याने ते उचललं आणि पुढच्या तुकडीकडे वळलेसुद्धा. मी मात्र जागची हलेना.

विजेरीतून ३६५ नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात. अळी ते शोषते आणि निळसर उजेड बाहेर टाकते. बस्स, एवढंच!

मग घरी येऊन वाचतच सुटले. देवमासे आणि डॉल्फिन यांच्या पोटात हिचे आईबाप राहतात. अंडी विष्ठेतून समुद्रात, तिथून कोळंबीसारख्या बारीक जिवांत, मग माशांत, माकुलात. माणूस या साखळीत चुकून येतो. त्याच्या पोटात ती मोठी होऊ शकत नाही, पण जठराच्या भिंतीत तोंड खुपसते आणि काही तासांत पोटात असह्य कळा येतात. मग डॉक्टर दुर्बीण घालून चिमट्याने तिला ओढून काढतात. व्हिनेगर, सोया सॉस, वासाबी, कशानेही ती मरत नाही.

आणि नॉर्वे! तिथे कॉडच्या तुकड्या खालून उजेड दिलेल्या काचेवर ठेवून माणसं डोळे ताणून अळ्या शोधत आली आहेत. तिथल्या संशोधकांनी असा कॅमेरा लावला, जो चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातला प्रकाश अनेक तरंगलांबींत वेगळा करतो. अळी आणि मांस प्रकाश वेगवेगळा शोषतात, तो फरक संगणक टिपतो. २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात ८ मिलिमीटर खोलवरच्या अळ्या सापडल्याचं आहे. हाताने तपासताना सापडतात त्याहून २-३ मिलिमीटर खोल! हे वाचून मी खुर्चीतून उठलेच.

विजेरीला मात्र पृष्ठभागाजवळचंच दिसतं, जाड तुकडीच्या पोटातलं नाही. आपलं कालवण आणि तळलेली तुकडी आतपर्यंत शिजते, तिथे धोका नाही. पण सुशी-साशिमी खाणार असाल, तर मासा उणे २० अंशांवर निदान २४ तास गोठवलेला होता का, हे विक्रेत्याला जरूर विचारा.