अदृश्य मोटार आणि दिसणारी जखम

जेम्स बाँडच्या चित्रपटांविषयी दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली, हे काही पटत नाही. दुसरी, अलीकडचे बाँडपट फार गंभीर झाले, पूर्वीची मजा त्यांत राहिली नाही. पुष्कळदा या दोन्ही तक्रारी एकच माणूस, एकाच बैठकीत, हातातला चहा संपायच्या आत करतो आणि आपण परस्परविरोधी बोलतो आहोत असे त्याला वाटत नाही. आमच्या मते त्याचे फारसे चुकतही नाही. त्याला डोळे दिपायलाही हवे असतात आणि मन राजी व्हायलाही हवे असते. एक वाढले की दुसरे घटते, असा जो तराजू आपण या चित्रपटांपुढे धरतो, तोच मुळात तपासून पाहावा असे आम्हांला वाटते.

मराठी शिकवणाऱ्या दोन अध्यापकांनी या फंदात का पडावे, असे कोणी विचारील. कारण वर्गातले आहे. कथात्म साहित्यातील संभाव्यतेची चर्चा सुरू झाली की विद्यार्थी एक गोष्ट हमखास दाखवून देतात. लोककथेतला बोलणारा पोपट त्यांना खटकत नाही. पण कादंबरीच्या अखेरच्या प्रकरणात हरवलेले मृत्युपत्र अचानक सापडले की ते हसतात. पोपट अशक्य आहे, मृत्युपत्र सापडणे शक्य आहे, तरीही. ॲरिस्टॉटलने हेच सांगितले होते: न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट कवीने पत्करावी. विंदा करंदीकरांच्या अनुवादामुळे हे काव्यशास्त्र मराठी विद्यार्थ्यांच्या हाती आले. पण सूत्र पाठ होते, उदाहरण सापडत नाही. १९६२ च्या 'डॉ. नो'पासून २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंतचे पंचवीस बाँडपट म्हणजे या सूत्राची साठ वर्षे चाललेली प्रयोगशाळा आहे.

'गोल्डफिंगर'चे उदाहरण घेऊ. इयन फ्लेमिंगच्या १९५९ च्या कादंबरीतला खलनायक फोर्ट नॉक्समधले अमेरिकेचे सोने लुटायला निघतो. एवढे सोने उचलून न्यायचे कसे, हा प्रश्न कादंबरी वाचताना पडतोच. १९६४ च्या चित्रपटात हा प्रश्न खुद्द बाँड विचारतो. सोन्याचे वजन किती टन, माणसे किती, मालमोटारी किती आणि दिवस किती लागतील, असा चोख हिशेब तो खलनायकापुढे मांडतो. त्यावर खलनायकाचे उत्तर असे की सोने न्यायचेच नाही. अणुस्फोटाने ते ५८ वर्षे किरणोत्सर्गी करून ठेवायचे, म्हणजे आपल्याजवळच्या सोन्याचा भाव आपोआप वाढेल. बेत पहिल्यापेक्षाही अचाट आहे. पण मध्ये अंकगणिताचा एक दुवा आला आणि प्रेक्षकाची शंका कथेने स्वतःच उच्चारली, म्हणून तो पटतो. याच चित्रपटासाठी केन ॲडम यांनी तिजोरीचा अंतर्भाग केवळ कल्पनेने उभारला. सोन्याच्या विटांचे उंचच उंच ढीग गजांआड चमकताना दिसतात. इतक्या जड धातूची अशी चळत कोणी लावणार नाही. पण सोन्याचे कोठार मनात जसे असते, तसेच ते दिसते. हिशेब काटेकोर आणि कोठार स्वप्नातले, या दोहोंच्या एकत्र येण्यातच त्या चित्रपटाचे यश आहे.

याच्या उलट, खरी गोष्टही खोटी वाटू शकते. 'द मॅन विथ द गोल्डन गन' (१९७४) मध्ये थायलंडमधल्या एका मोडक्या पुलावरून मोटार हवेत स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे चारही चाकांवर उतरते. ही कसरत आधी संगणकावर आकडेमोड करून ठरवली गेली आणि प्रत्यक्षात एकाच प्रयत्नात पार पडली. त्यात कसलीही लबाडी नाही. पण त्या क्षणावर विनोदी शिट्टीचा आवाज टाकला गेला आणि एका माणसाने जीव धोक्यात घालून केलेली गोष्ट व्यंगचित्रात जमा झाली. तीनच वर्षांनी, 'द स्पाय हू लव्ह्ड मी'च्या आरंभी, बर्फावरून घसरत आलेला बाँड कड्यावरून खाली झेपावतो. कॅनडातल्या बॅफिन बेटावर रिक सिल्व्हेस्टर यांनी ती उडी खरोखर मारली होती. संगीत थांबते. एक देह निःशब्द खाली पडत राहतो, बराच वेळ, आणि मग ब्रिटिश ध्वजाचे हवाई छत्र उघडते. पाठीवर असे छत्र बांधून कोणी हेर बर्फात का हिंडेल, हा प्रश्न रास्त आहे. पण तो त्या शांततेत कोणाला सुचत नाही. दोन्ही कसरती खऱ्याच. एकीवर तिच्या निर्मात्यांचा विश्वास होता, दुसरीवर नव्हता, एवढाच फरक. निर्मात्याने स्वतःच डोळा मिचकावला तर प्रेक्षकाने श्रद्धा ठेवायची कशावर?

आमच्या पिढीने 'ऑक्टोपसी' (१९८३) पुढे कधीतरी घरच्या केबलवर पाहिला आणि तोही मोठ्या आपुलकीने, कारण त्यात उदयपूर होते, कबीर बेदी होते, विजय अमृतराज होते. तिथल्या एकाच बाजारात गारुडी, तलवार गिळणारा, खिळ्यांच्या शय्येवरचा साधू आणि निखाऱ्यांची चर असे सगळे एकत्र नांदते. हा भारत कोणाला पटेल, असे आम्हीही हसून म्हणत असू. पण याच चित्रपटात पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकी विमानतळावर सर्कस चालू असताना बाँड विदूषकाच्या वेषात शिरतो. तोफेच्या बैठकीत अणुबाँब आहे आणि मिनिटे उरली आहेत. तो जीव तोडून सांगतो आणि नाकावरच्या लाल गोळ्यामुळे त्याचे कोणी ऐकत नाही. या संपूर्ण मालिकेचे भवितव्य त्या प्रसंगात एकवटले आहे असे आम्हांला वाटते. दोन दशके सोंग घेऊन वावरलेला नायक सत्य सांगू लागतो, तेव्हा त्याची पंचाईत होते. रॉजर मूर यांचा हा अभिनय गंभीर आहे, आणि तो गंभीर आहे म्हणूनच विदूषकाच्या रंगाखालची भीती दिसते. वेष जितका हास्यास्पद, तितका जीव टांगणीला.

भरताच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन प्रकार सांगितले आहेत. लोकव्यवहाराला धरून चालणारे ते लोकधर्मी, आणि संकेतांनी, अतिशयाने, अलंकरणाने चालणारे ते नाट्यधर्मी. यांतला एक खरा आणि दुसरा खोटा, असे त्यात मुळीच नाही. रंगमंचावर चार पावलांत अरण्य ओलांडता येते, अट एवढीच की ओलांडणाऱ्याचे श्रम खरे वाटले पाहिजेत. बाँडपट हा नाट्यधर्मी प्रकार आहे. त्याला वास्तववादाच्या फूटपट्टीने मोजणे म्हणजे यक्षगानातल्या मुकुटाचे वजन करण्यासारखे आहे. पण नाट्यधर्मीलाही स्वतःचा धर्म असतो आणि तो मोडला की शिक्षा होते.

ती शिक्षा 'डाय अनदर डे' (२००२) या विसाव्या चित्रपटाला झाली. आम्ही तेव्हा नुकतेच एम. ए. होऊन नोकऱ्या शोधत होतो. आरंभी बाँड उत्तर कोरियाच्या कैदेत चौदा महिने काढतो, दाढी वाढलेला, छळलेला, आपल्याच लोकांनी अविश्वासाने परत घेतलेला. हा आरंभ आम्हांला फार आवडला होता. पण पुढे दाढी उतरली आणि तिच्याबरोबर ते चौदा महिनेही उतरले. मग अदृश्य होणारी मोटार आली, आणि कोसळणाऱ्या हिमनगाच्या लाटेवर स्वार झालेला संगणकनिर्मित बाँड आला. तिकीटबारीवर चित्रपट पडला नाही. पण मोटार अदृश्य झाली हे आमचे दुःख नव्हते, कैद अदृश्य झाली हे होते. 

चार वर्षांनी 'कसिनो रोयाल'मध्ये डॅनियल क्रेग आला. त्यातही मादागास्करमधल्या उंच यारीवरचा पाठलाग अचाटच आहे. पण जिन्यातल्या मारामारीनंतर बाँड आरशासमोर रक्त धुतो, मद्याचा पेला रिकामा करतो, आणि नंतर व्हेस्पर त्याला स्नानगृहात पाण्याखाली अंगावरच्या कपड्यांनिशी बसलेली दिसते. तोही तिच्याशेजारी तसाच भिजत बसतो. माणूस मेल्याचा परिणाम कोणावर तरी झाला. मालिकेने नेत्रदीपकता कमी केली, असे या चित्रपटाविषयी म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. तिने नेत्रदीपकतेची किंमत पडद्यावर मोजून दाखवली. 

आता कोणी म्हणेल, म्हणजे शेवटी वास्तवाचाच विजय. तसे नाही. याच क्रेगच्या 'स्पेक्टर'मध्ये (२०१५) अदृश्य मोटार नाही, पण अनाथ बाँडला सांभाळणाऱ्या माणसाचा मुलगाच त्याचा जन्मवैरी निघतो आणि मागल्या सगळ्या दुःखांचा सूत्रधार ठरतो. असे घडणे अशक्य नाही. आमच्या विद्यार्थ्यांच्या मृत्युपत्रासारखेच ते फक्त पटत नाही. त्याच चित्रपटात बाँडच्या डोक्यात यंत्राने भोक पाडले जाते आणि थोड्याच वेळात तो अचूक नेम धरतो. जखम झाली, पण तिची खूण राहिली नाही. सारा सूर गंभीर असूनही हे दृश्य हिमनगाच्या लाटेइतकेच पोकळ आहे.

'नो टाइम टू डाय'ने आमच्या या विचाराला वेगळेच वळण दिले. महाराष्ट्रातली चित्रपटगृहे २२ ऑक्टोबर २०२१ रोजी निम्म्या क्षमतेने उघडली, त्यानंतर आम्ही तो पाहिला. एक खुर्ची सोडून बसलेले, मुखपट्टी लावलेले प्रेक्षक होते. कथेतले शस्त्र म्हणजे शरीरात शिरणारे सूक्ष्म यंत्रकण. स्पर्शाने पसरणारे, विशिष्ट माणसाच्या जनुकांशी जुळले की त्यालाच मारणारे. एरवी आम्ही याला दुसरी अदृश्य मोटार म्हटले असते. अखेरीस ते कण बाँडच्या अंगात शिरतात. त्याने प्रिय स्त्रीला आणि लेकीला नुसता हात लावला तरी त्या मरतील. तो बेटावर मागे राहतो, वर क्षेपणास्त्रे येतात. 

आमच्यापैकी एकाचे वडील त्याच वर्षी मे महिन्यात गेले. अखेरचे दिवस भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेले, आणि त्यानंतरही हात लावता आला नाही. हे चित्रीकरण २०१९ मध्ये, साथीच्या आधी झाले होते. निर्मात्यांच्या मनात आमचे दुःख असणे शक्य नव्हते. तरीही सबंध मालिकेतला बहुधा सर्वांत अशक्य असा शस्त्रप्रकार आम्हांला सर्वांत खरा वाटला. शेजारी बसलेल्या मित्राशी आम्ही मध्यंतरानंतर एक शब्दही बोललो नाही.

न. चिं. केळकरांनी १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनात सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण स्वतःला विसरत नाही. दोन्ही जाणिवा एकाच वेळी जाग्या असतात. हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. त्या दिवशी लक्षात आले की त्यातला 'स्वतः' हा भाग रिकामा नसतो. प्रेक्षक आपले सगळे आयुष्य बरोबर घेऊन खुर्चीत बसतो. विश्वसनीयता म्हणजे पडद्यावरची वस्तू आणि जगातली वस्तू यांचा मेळ, ही व्याख्या म्हणूनच अपुरी पडते. त्या अचाट घटनेला आपल्या अनुभवात उतरायला जागा सापडली की ती पटते. ती जागा बहुतेक वेळा जखमेचीच असते. ज्या चित्रपटात कोणाला काहीच लागत नाही, तिथे आपले लागलेले ठेवायचे कुठे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये या मालिकेची सर्जनसूत्रे ब्रोकोली कुटुंबाकडून ॲमेझॉन एमजीएमकडे गेली आणि जूनमध्ये पुढच्या चित्रपटासाठी डेनी व्हिलनव्ह यांचे नाव दिग्दर्शक म्हणून जाहीर झाले. नवा बाँड जमिनीवर चालणारा असावा की आकाशात उडणारा, यावर वाद होत राहतील. आमची मागणी साधी आहे. त्याने खुशाल उडावे, हव्या त्या कड्यावरून झेपावावे; खाली उतरल्यावर गुडघा दुखला तर तो पुढच्या दृश्यातही दुखावा.