पाण्याचा हिशेब

वाहत्या पाण्याकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पुलावरून नदीत टाकलेल्या फुलामागे नजर वळणापर्यंत धावत जाते, ही एक. आणि समोरच्या एखाद्या खडकावर दृष्टी रोखून, त्याला वळसा घालून काय काय जाते ते पाहत बसणे, ही दुसरी. पहिली तऱ्हा कवीची आणि दुसरी जकात नाक्यावरच्या कारकुनाची, असे कोणी म्हणेल. सारा जन्म बँकेच्या खातेवह्यांत गेल्यामुळे माझा ओढा साहजिकच कारकुनाकडे! पण शास्त्रात दोघांनाही मानाचे पाट आहेत. पहिल्या तऱ्हेला लाग्रांजचे नाव आहे, दुसरीला ऑयलरचे. आणि या दोघींची सोयरीक जुळवणारा सिद्धांत मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनल्ड्स या प्राध्यापकाच्या १९०३ सालच्या ग्रंथात आहे. हे सारे मला अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतणीने सांगितले. मौज अशी, की त्याच १९०३ साली आमच्या धायरीपासून थोड्याच अंतरावर, खडकवासल्याच्या धरणावर, विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले.

सिद्धांत नावाला भारी असला तरी वारी पाहिलेल्या माणसाला सोपा आहे. दिंडीचा प्रमुख आपल्या माणसांबरोबर चालतो. कोण थकले, कोण मागे राहिले, हे त्याला ठाऊक असते. दिवेघाटाच्या पायथ्याशी आणि माथ्याशी समजा दोन स्वयंसेवक उभे केले, तर ते कुणालाच ओळखणार नाहीत. आत किती शिरले आणि बाहेर किती पडले, एवढेच ते मोजतील. रेनल्ड्सचे सांगणे असे, की या क्षणी जे घाटात आहेत त्यांचे काय होते हे जाणायला त्यांच्यामागे धावू नका. घाटातला भरणा किती बदलला ते पाहा, त्यात बाहेर पडलेले मिळवा, आत आलेले वजा करा. पाण्याच्या बाबतीत तर उत्तर शून्यच यायला हवे, कारण पाणी वाटेत जन्मत नाही की मरत नाही. शून्य आले नाही, तर आपण न धरलेली एखादी वाट कुठेतरी आहे असे खुशाल समजावे.

धरणाचा सगळा संसार याच जमाखर्चावर चालतो. सेकंदाला ११,५७४ घनफूट पाणी चोवीस तास आत येत राहिले आणि थेंबही बाहेर गेला नाही, तर साठा जवळजवळ एक अब्ज घनफुटांनी वाढतो. खडकवासल्यात मावते ते सुमारे दोन अब्ज. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पुरते न झालेले धरण फुटले आणि तिथला लोंढा खडकवासल्यात उतरला. जमा इतकी आणि खर्चाची वाट एवढीशी! काही तासांत तेही धरण फुटले आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरले. पाण्याचा हिशेब कुणाची भीड धरीत नाही.

हा हिशेब आमच्या सोसायटीच्या उपयोगी पडेल असे मात्र वाटले नव्हते. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतात. एका वर्षी टाकी भरली म्हणेपर्यंत रिकामी होऊ लागली आणि सभेत बोट उठले ते वॉचमनकडे. तो रात्री पाणी विकतो, असे एकाने म्हटले. दुसऱ्याने मान डोलावली. वॉचमन परभणीकडचा, दोन मुलांचा बाप. त्याला महिनाअखेर काढून टाकायचे ठरत आले होते.

पुतणी म्हणाली, "काका, त्याच्यामागे कशाला लागता? टाकीभोवती रेघ मारा आणि मोजा."

जमिनीखालची टाकी पाच मीटर लांब, चार मीटर रुंद. म्हणजे पाणी एक सेंटीमीटर उतरले की दोनशे लिटर गेले. रात्री एक वाजता आम्ही मोटर बंद केली, टँकरचे तोंड आणि सारे कॉक बंद केले, आणि वेळूच्या काठीवर खूण केली. वॉचमन आमच्याबरोबरच खुर्चीवर बसला होता. त्याने चहा केला, पण स्वतः घेतला नाही. चार वाजता काठी पुन्हा बुडवली. पाणी सहा सेंटीमीटर उतरलेले! जमा शून्य, आम्हांला माहीत असलेला खर्च शून्य, आणि बाराशे लिटर नाहीसे.

दुसऱ्या दिवशी टाकी उपसली, तेव्हा तळाच्या कोपऱ्यात भिंतीला बोटभर चीर सापडली.

माणसाच्या मागे संशय लावून देणे सोपे असते, त्याला काठी लागत नाही की जागरण लागत नाही. सीमेवर उभे राहून काय आले, काय गेले हे निमूटपणे मोजणे कंटाळवाणे खरे, पण त्या रात्री एका संसाराची भाकर त्या कंटाळ्यानेच वाचवली. चीर बुजवायला गवंडी आला, तेव्हा सिमेंटचे घमेले वॉचमननेच उचलून दिले. यंदा दिवाळीला त्याची मुले गावाहून आली आहेत. आमच्या फाटकापाशी, टाकीच्या झाकणावर, त्यांनी किल्ला केला आहे, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी एक तळेही आहे. ते गळते, पण मुले दर तासाला तांब्याने भरतात, आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही.